सात टन टॉवेल आणि न्यूयॉर्कातले अडतीस दिवस

ऑक्टोबर २०२३. दसरा आठवड्यावर आला होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे मालक माझ्या टेबलावर मोबाइल ठेवून म्हणाले, "दुबईवाला म्हणतोय पैसे निघाले. बँक म्हणते आले नाहीत. मग मधे गेले कुठं वो?"

या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणतात, मीही इथे तेच म्हणेन. त्यांचे आजोबा तेलंगणातून हातमाग घेऊन सोलापुरात आले, वडिलांनी यंत्रमाग टाकले, अण्णांनी चादरीकडून टॉवेलकडे मोर्चा वळवला. शहरातल्या निम्म्या पद्मशाली कारखानदारांची हीच गोष्ट आहे. मी पूर्वी एका बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. आता अशा छोट्या निर्यातदारांची कागदपत्रे बघतो. या प्रकरणातल्या रकमा आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

व्यवहार साधा होता. हॉटेलांना लागतात तसले पांढरे टेरी टॉवेल, सात टन, न्हावा शेवाहून जेबेल अलीला. किंमत ३६,४०० डॉलर. तीस टक्के आगाऊ रक्कम, म्हणजे १०,९२० डॉलर, जुलैत विनासायास आली होती. उरलेले २५,४८० डॉलर बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीची माल चढल्याची पावती, तिच्यावरच पलीकडे माल सुटतो) प्रत पाहून द्यायचे ठरले होते. दुबईच्या खरेदीदाराने ते १० ऑक्टोबरला पाठवले आणि बँकेची पावती व्हॉट्सअॅपवर टाकली. त्यानंतर काहीच नाही. त्या दिवसाच्या भावाने ही रक्कम एकवीस लाखांवर जाते. एवढ्या पैशांत अण्णांच्या सुताच्या व्यापाऱ्याचे देणे, कामगारांचे दर आठवड्याचे पगार आणि तोंडावर आलेला दिवाळीचा बोनस हे सगळे बसवलेले होते.

पैसे कुठे होते

पैसे 'निघतात' आणि 'पोहोचतात' ही आपली बोलण्याची पद्धत. प्रत्यक्षात निघतो तो संदेश. दुबईची बँक तो स्विफ्टच्या जाळ्यातून पाठवते. बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली ही संस्था बँकांमधला टपाल्या आहे. स्वतः एक पैसाही हलवत नाही. सौदा डॉलरमधला असल्यामुळे संदेश दुबईहून थेट मुंबईला येत नाही. तो आधी न्यूयॉर्कच्या एखाद्या मध्यस्थ बँकेकडे जातो, कारण डॉलरची अंतिम जमा-नावे तिथल्या खात्यांत होते. सोलापूरचा टॉवेल, दुबईचा ग्राहक, दोघांचाही अमेरिकेशी काडीचा संबंध नाही, तरी हिशेब न्यूयॉर्कात मिटतो. दिरहममध्ये सौदा करून बघितला असता तरी फार फरक पडला नसता अशी अण्णांची समजूत होती. ती किमतीपुरती बरोबर आहे, कारण दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रस्त्यापुरती मात्र ती चूक आहे.

सोलापूरच्या शाखेतला अधिकारी "आमच्याकडे काही नाही" म्हणत होता तेव्हा तो खोटे बोलत नव्हता. मध्यस्थ बँकेने संदेश बाजूला काढून ठेवला तर पुढच्या बँकेला तो दिसतच नाही. म्हणून मी पहिली गोष्ट केली ती खरेदीदाराकडून यूईटीआर मागवण्याची. २०१८ पासून प्रत्येक स्विफ्ट पेमेंटला हा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो. बहुतेक निर्यातदारांना तो माहीत नसतो, आणि बँकेतलेही सगळेच तो आपणहून सांगत नाहीत. त्या क्रमांकावरून मुंबईच्या कार्यालयाने शोध घेतला तेव्हा कळले की रक्कम न्यूयॉर्कात 'तपासणीत' आहे.

अण्णांच्या मुलाने तोवर स्वतःचे संशोधन केले होते. पेमेंटच्या तपशिलात 'टेरी टॉवेल्स' असे लिहिले होते. संगणकाने 'टेरी'वरून 'टेररिस्ट' वाचले असणार, असे त्याचे ठाम मत. आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखे ते होतेच, पण खरे कारणही त्याच्या फार लांब नव्हते.

अक्षरांचा खेळ

खरेदीदार मूळचा येमेनचा, दुबईतच वाढलेला, तेव्हा पस्तिशीतला तरुण. त्या बाजूला पूर्ण नाव चार भागांचे असते: स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे आणि कुळाचे. ऑगस्टमध्ये त्याने बँक बदलली होती. जुनी बँक संदेशात फक्त फर्मचे नाव टाकायची. नवी बँक फर्मसोबत मालकाचेही टाकू लागली. स्विफ्टच्या तेव्हाच्या जुन्या संदेशात पैसे पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता लिहायला चार ओळी आणि प्रत्येक ओळीत ३५ अक्षरे एवढीच जागा. दुबईच्या कोणा कारकुनाने नाव एका ओळीत बसवले आणि आजोबा गाळले.

उरलेले तीन भाग संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दहशतवाद्यांच्या निर्बंध यादीतल्या एका नोंदीशी जवळपास तंतोतंत जुळत होते. नाव मी देणार नाही. आपल्याकडे संतोष पाटील किती असतील तितकेच ते तिकडे आहेत, एवढे पुरे.

ही यादी कशी बनते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण अण्णांना मी तेच सांगत बसलो होतो आणि ते मधूनमधून "बरं, पण माझे पैसे?" म्हणत होते.

१५ ऑक्टोबर १९९९ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १२६७ मंजूर केला. तेव्हा रोख तालिबानवर होता. पुढच्या वर्षी त्यात बिन लादेन आणि अल-कायदा आले, २०१५ मध्ये इसिस. यादीत आज अडीचशेच्या आसपास व्यक्ती आहेत. कोणाला घालायचे ते परिषदेच्या पंधरा सदस्य देशांची समिती बंद दाराआड ठरवते, आणि निर्णय एकमताने लागतो. एखाद्या देशाने 'तांत्रिक स्थगिती' टाकली की प्रस्ताव लटकतो. मसूद अझहरचे नाव घालण्यासाठी भारताने २००९ मध्ये प्रयत्न सुरू केले. ते यादीत गेले १ मे २०१९ रोजी, चीनने आपली स्थगिती उठवल्यावर. ज्याचे सगळे कारनामे जगजाहीर होते त्याला आत घ्यायला दहा वर्षे लागली. आमच्या टॉवेलवाल्याला त्याच यादीच्या सावलीत ओढायला यंत्राला दोन सेकंद पुरले.

नाव चढले की ते खाली झिरपत येते. भारतात ते परराष्ट्र मंत्रालयाकडून रिझर्व्ह बँकेकडे आणि तिथून प्रत्येक बँकेकडे जाते, त्यात आपल्या गल्लीतली नागरी सहकारी बँकही आली. सोलापुरातल्या एका सहकारी बँकेत मी स्वतः पाहिले आहे: दुपारी जेवणाचा डबा उघडता उघडता एक अधिकारी कंदाहारात जन्मलेल्या कोणा इसमाचे उपनाम आपल्या खातेदारांशी ताडून बघत होता. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००८ साली कलम ५१-अ आले, त्याखाली खातेदाराचा तपशील यादीशी जुळला तर बँकेने चोवीस तासांत गृह मंत्रालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवायचे असते. दहशतवादाशी लढा म्हटले की आपल्या डोळ्यापुढे कमांडो येतात. या डबेवाल्या लढ्याचे चित्र कोणी काढत नाही.

अमेरिकेच्या अर्थखात्याची यादी वेगळी आणि कितीतरी मोठी. न्यूयॉर्कची बँक दोन्ही बघते. तारखाही ध्यानात घ्या. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासचा हल्ला झाला. १८ ऑक्टोबरला अमेरिकेने हमासच्या आर्थिक जाळ्यातल्या दहा जणांवर निर्बंध घातले. शिवाय संयुक्त अरब अमिराती तेव्हा एफएटीएफच्या, म्हणजे काळा पैसा आणि दहशतवादाचा पैसा यांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, करड्या यादीत (जादा देखरेखीखालच्या देशांत) होती, मार्च २०२२ पासून. अण्णांचे पैसे निघाले १० तारखेला. याच कारणाने चाळणी बारीक झाली असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या पंधरवड्यात न्यूयॉर्कातल्या कोणत्याही तपासनिसाने अरबी नाव, दुबई आणि पहिल्यांदाच दिसणारी बँक हे तिन्ही एकत्र पाहून "जाऊ दे" म्हटले असेल, असे मला वाटत नाही.

रक्कम लहान होती, मग काय?

अण्णांचा युक्तिवाद असा: "पंचवीस हजार डॉलरनं कुणी बाँब लावतं का?"

लावतात, आणि याहून कमी पैशांत. ११ सप्टेंबरच्या कटाचा एकूण खर्च चौकशी आयोगाने चार ते पाच लाख डॉलर धरला. त्यातला मोठा भाग साध्या बँक खात्यांतून, साध्या हस्तांतरांनी फिरला होता. पण मला त्याहून जवळचे उदाहरण आठवते. २६/११ च्या हल्लेखोरांना पाकिस्तानातून ज्या इंटरनेट फोनवरून सूचना मिळत होत्या, त्या जोडणीचे पैसे हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया शहरातून अमेरिकेतल्या एका कंपनीला गेले. रक्कम होती २२९ डॉलर. पाठवणाऱ्याचे नाव एका तिसऱ्याच माणसाचे, इटलीत कधी पाऊलही न ठेवलेल्या. पैसे पाठवण्याचे दुकान चालवणाऱ्या बापलेकाला इटालियन पोलिसांनी वर्षभराने, नोव्हेंबर २००९ मध्ये पकडले. अमेरिका, इटली आणि भारत यांच्या तपासाचे धागे एकत्र आले तेव्हाच ती पावती सापडली.

२२९ डॉलर. म्हणजे त्या वेळच्या भावाने अकरा-साडेअकरा हजार रुपये. रकमेची चाळणी लावून हे पेमेंट कधीच सापडले नसते. म्हणून यंत्रणा नावांवर चालते, आणि नावांवर चालते म्हणून नामसाधर्म्यावर अडते. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. सीएसटीवर त्या रात्री त्यांच्या ओळखीचे एक कुटुंब गाडीची वाट पाहत होते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

अडतीस दिवसांचा हिशेब

पैसे १७ नोव्हेंबरला, भाऊबीज उरकल्यावर जमा झाले. मधल्या दिवसांची फोड मी मुद्दाम करून ठेवली आहे, कारण "अमेरिकेने अडवले" हे अर्धेच सत्य आहे.

पहिले तेरा दिवस न्यूयॉर्कच्या रांगेत गेले. २३ ऑक्टोबरला तिथून मुंबईला प्रश्न आला: पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख, माल काय, जहाज कोणते, माल पुढे कुठे जाणार. तो प्रश्न सात दिवस कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून होता. मधे दसरा आला. ३० तारखेला उत्तर गेले ते असे: पार्टी ओळखीची आहे, माल कापडाचा आहे. असल्या उत्तराने प्रश्न विचारणाऱ्याचा संशय वाढतो. ३ नोव्हेंबरला तोच प्रश्न परत आला, या वेळी जरा कडक भाषेत. पूर्ण उत्तर ८ तारखेला गेले. त्यानंतरचे नऊ दिवस पुन्हा न्यूयॉर्कचे.

म्हणजे अडतीसपैकी बारा दिवस आपल्याच बाजूचे. त्यातले तीन तर अण्णांच्या संकोचाचे.

खरेदीदाराचा पासपोर्ट मागवायला ते तयारच होईनात. "बारा वर्षांचं गिऱ्हाईक. ईदला फोन करतो, मी दिवाळीला चिवडा पाठवतो. त्याला आता विचारू, बाबा तू अतिरेकी नाहीस ना?" शेवटी ६ नोव्हेंबरला रात्री फोन मीच लावला, अण्णा शेजारी बसले. पलीकडचा माणूस शांतपणे हसला. दहा मिनिटांत पासपोर्ट, दुबईचा रहिवासी परवाना आणि व्यापार परवाना अशी एकच जोडलेली फाइल आली. ती त्याने आधीच तयार ठेवली होती. दर दोन-तीन महिन्यांनी कुठे ना कुठे लागते, म्हणाला.

यादीतला माणूस त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, जन्मगाव वेगळे, पासपोर्ट क्रमांक वेगळा. आजोबांचे नाव घालून वाचले की साम्यच उरत नव्हते.

आडवाटा

या काळात दोन सल्ले अण्णांपर्यंत पोहोचले, आणि प्रकरणातला खरा धोका तिथे होता.

पहिला सल्ला असा की खरेदीदाराच्या मेहुण्याच्या खात्यातून पैसे मागवा. तिऱ्हाइताकडून निर्यातीचे पैसे घ्यायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे, पण अटींवर, आणि त्यातली एक अट पैसे एफएटीएफचे निकष पाळणाऱ्या देशातून यावेत अशी. नियम बाजूला ठेवला तरी हिशेब उलटाच पडतो. एका नावावर पेमेंट अडलेले असताना तेच दुसऱ्या नावाने आले, तर तपासनिसाला ज्याची शंका होती त्याचाच पुरावा आपण हातात देतो. संदेशातून नाव गाळण्याच्या या प्रकाराला बँकवाले स्ट्रिपिंग म्हणतात. इराण, सुदान यांसारख्या निर्बंध असलेल्या देशांचे व्यवहार असेच लपवल्याबद्दल बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला २०१४ मध्ये ८.९ अब्ज डॉलरचा दंड बसला. तेव्हापासून मध्यस्थ बँका लहान गिऱ्हाइकासाठी धोका पत्करत नाहीत, आणि त्यांचे तसे चुकत नाही.

दुसरा सल्ला जुनाच, हवालाचा. तिकडे दिरहम द्या, इकडे रोख घ्या. अण्णांचा मुलगा याला जवळपास तयार झाला होता. शनिवारी चाळीस माणसे पगाराला उभी राहतात तेव्हा तत्त्वे पातळ होतात, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण शिपिंग बिल रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले की नाही याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, उघडे राहिले असते, परताव्यांवर गदा आली असती, परकीय चलन कायद्याचा भंग झाला असता, आणि ज्या वाटेवर लक्ष ठेवायला एवढे सगळे जाळे उभारले गेले त्याच वाटेवर सोलापूरचा टॉवेल जाऊन बसला असता. मी त्याला एवढेच म्हणालो, "आत्ता तुझ्या पैशावर शंका आहे. मग तुझ्यावर येईल."

एका बाबतीत मात्र अण्णांनी माझे ऐकले नाही. कंटेनर जेबेल अलीला पडून होता आणि बंदराचे भाडे चढत होते. २२ ऑक्टोबरला त्यांनी बिल ऑफ लेडिंग सरेंडर करून माल सोडून दिला. मी विरोध केला होता. स्विफ्टची प्रत म्हणजे पैसे नव्हेत, हे मी दर बैठकीत सांगतो. ते म्हणाले, पैसे त्याच्या खात्यातून गेलेत, माझ्याकडे आले नाहीत, यात त्याची काय चूक? शास्त्राप्रमाणे हा निर्णय आजही मी चुकीचाच म्हणेन. पण ६ नोव्हेंबरच्या रात्री दहा मिनिटांत आलेली ती फाइल याच निर्णयाची कमाई असावी.

दाद कुणाकडे

खर्च काय आला? सुताच्या व्यापाऱ्याचे महिना दीड टक्का व्याज धरले तर चाळीस हजारांच्या आसपास. बोनस उसनवारीवर दिला. पस्तीस-चाळीस डॉलर मध्यस्थ बँकेने शुल्क म्हणून कापून घेतले, म्हणजे अडवल्याचे पैसेही अडलेल्यानेच भरले.

मला टोचते ते वेगळेच. यादीत ज्याचे नाव प्रत्यक्ष आहे त्याला दाद मागायला जागा आहे. २००९ च्या ठराव १९०४ ने त्यासाठी लोकपालाचे कार्यालय उभे राहिले. यासीन कादी या सौदी व्यावसायिकाने युरोपच्या न्यायालयात लढून २००८ मध्ये निकाल मिळवला आणि २०१२ मध्ये यादीतून बाहेर पडला. भारतातही कलम ५१-अ खाली नामसाधर्म्यामुळे कोणाची मालमत्ता गोठली तर अर्जावर निर्णय देण्याची तरतूद आहे. पण अण्णांचे काहीच गोठले नव्हते. कोणताही आदेश निघाला नव्हता. त्यांचे पेमेंट फक्त 'तपासणीत' होते, परक्या देशातल्या खासगी बँकेच्या टेबलावर. आदेशच नाही तर अपील कशावर करणार? जगभर असे किती टॉवेलवाले, मसालेवाले, आईला औषधाचे पैसे पाठवणारे परदेशी मजूर रोज दोन-चार आठवडे लटकत असतील, त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

त्याच नोव्हेंबरमध्ये एफएटीएफचे पथक भारताचे मूल्यमापन करायला देशात आले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारताला चांगल्या श्रेणीत स्थान मिळाले. पेपरात बातमी वाचून अण्णांनी मला फोन केला, अभिनंदन म्हणाले. थट्टा होती की नाही, अजून कळलेले नाही.

नंतर

आता दर ऑर्डरला खरेदीदाराच्या पासपोर्टावरचे चारही भागांचे नाव इन्व्हॉइसवर जसेच्या तसे येते, आणि त्याची बँक संदेशातही ते पूर्ण लिहिते. तपशिलाच्या रकान्यात माल, एचएस कोड (मालाचा सीमाशुल्क वर्गीकरण क्रमांक) ६३०२६०, इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंगचे क्रमांक जातात. पासपोर्ट, परवाने आणि जुन्या सहा व्यवहारांचा तक्ता शाखेत आणि मुंबईत आगाऊ देऊन ठेवला आहे. पुढची तीन पेमेंट दोन, तीन आणि सहा दिवसांत आली. सहा दिवसांच्या वेळीही प्रश्न आला होता; मुलाने अर्ध्या तासात तीच फाइल पाठवली.

मध्यंतरी अण्णांनी सहज विचारले, तो यादीतला खरा माणूस सापडला का? मी नोंद पुन्हा काढून पाहिली. शेवटच्या ओळीत लिहिले होते: मरण पावल्याचे वृत्त. अशा नोंदी यादीत आणखीही आहेत. मृत्यूची खात्री पटेपर्यंत नाव निघत नाही.

"म्हणजे मेलेल्या माणसानं माझे सात टन टॉवेल अडवले," अण्णा म्हणाले. तेवढ्यात सुताचा टेम्पो दारात लागला आणि ते गाठी मोजायला उठले.